‘४९८अ बंद झालं’ हा फॉरवर्ड आणि पोळीवाल्या मावशींची मुलगी

शिल्पा (बी-५०४): माहेरच्या ग्रुपवर आत्ता आलंय. “१ जुलै २०२४ पासून ४९८अ कायमचं बंद. बायकोच्या तक्रारीवर पोलीस आता काही करू शकत नाहीत.” खरं आहे का हे? मेधाताई, बघता का जरा?

मेधाताई वकील (डी-१०१): चुकीचं आहे शिल्पा. पुढे पाठवू नकोस, आणि तिकडेही तसं सांग. भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली, एवढंच खरं. ४९८अ, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी बाईला छळण्याचं कलम, त्याचा आकडा गेला, गुन्हा जागेवर आहे. तो आता कलम ८५ मध्ये आहे, आणि क्रूरता म्हणजे काय ते ८६ मध्ये. शिक्षा तीच, ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जामीन अजूनही कोर्टाकडेच मागावा लागतो. व्याख्याही तीच: बाई जिवाचं बरंवाईट करून घेईल किंवा तिच्या शरीराला, मनाला गंभीर इजा होईल असं जाणूनबुजून वागणं, किंवा पैसे, दागिने, जमिनीसाठी छळणं.

कुलकर्णीकाका (ए-१०२): कोर्टात नोकरी केली तेव्हा “४९८अ, ३२३, ५०४, ५०६, ३४” (छळ, मारहाण, अपमान, धमकी, मिळून केलेला गुन्हा) ही ओळ रोज डोळ्यांखालून जायची. तीच आता “८५, ११५(२), ३५२, ३५१(२), ३(५)” अशी येते. हुंडाबळीचं ३०४ब आता कलम ८० झालंय. ४९८अ १९८३ साली आलं, चाळीस वर्षांत घराघरात पोचलं. जुना आकडा दिसला नाही की माणसांना वाटतं कायदाच काढला.

सुनंदाकाकू (बी-२०३): बरं झालं विषय निघाला. माझ्याकडे पोळ्यांना येतात त्या मावशींच्या मुलीचं सांगते, नाव लिहीत नाही. लग्न २०२१ चं. वर्षभर बरं गेलं, मग गाडीसाठी आईकडून पैसे आण म्हणून सुरू झालं. गेल्या दिवाळीनंतर मारणं वाढलं. आता लेकराला घेऊन इथे आईकडे आलीय. सासरच्या गावी पोलिसांकडे गेली होती, “नवराबायकोचं आहे, मिटवून घ्या” म्हणून परत पाठवली. तिला जुना कायदा लागणार की नवा? आणि तक्रारीसाठी परत तिकडेच जायचं का?

मेधाताई वकील (डी-१०१): काकू, घटना कधी घडली ते बघतात. १ जुलै २०२४ च्या आधीच्या छळाला ४९८अ, नंतरच्याला ८५. तिच्या बाबतीत दोन्ही कलमं येतील. म्हणून तिला शांतपणे बसवून तारखा लिहून काढा. तारीख आठवली नाही तर “नागपंचमीच्या आदल्या दिवशी”, “दिराच्या लग्नानंतर” असंही चालेल. कोणी मारलं, कशाने, पैसे कोणी मागितले, तेव्हा घरात कोण होतं, सगळं लिहा.

परत तिकडे जायची गरज नाही. छळामुळे माहेरी आलेली बाई माहेरच्या ठिकाणी तक्रार करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रूपाली देवी प्रकरणात सांगितलंय. आणि हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवलेली तक्रार, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १७३ मध्येच आलीय. ई-मेलनेही कळवता येतं, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तपास कुठवर आला ते पोलिसांनी ९० दिवसांत कळवायचं. बदल आहे तो इथे, कामाच्या पद्धतीत.

नितीन (सी-३०१): राग मानू नका, पण दुसरी बाजूही आहे. माझ्या मावसभावाच्या केसमध्ये ८१ वर्षांची आजी आरोपी होती. वॉकर घेऊन तारखेला न्यायचो तिला. त्या दोन वर्षांत ती खचली ती खचलीच.

मेधाताई वकील (डी-१०१): राग कसला नितीन, आजींचं व्हायला नको होतं. म्हणूनच २०१४ मध्ये अर्नेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तक्रार आली म्हणून लगेच अटक करायची नाही, कारण लिहून ठेवायचं. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली आधी नोटीस येते. आणि डिसेंबर २०२४ मध्ये दारा लक्ष्मी नारायण प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की कोणी काय केलं हे न सांगता नवऱ्याच्या सगळ्या नातेवाइकांची नावं घालणं चालणार नाही. काकूंना तारखा काढायला सांगितल्या त्या याच्यासाठीही. मोघम तक्रारीत निर्दोष आजी अडकते आणि जिने खरंच मार खाल्ला तिची केसही पडते.

सुनंदाकाकू (बी-२०३): पण मेधा, तिला नवऱ्याला तुरुंगात घालायचंच नाहीये गं. मार थांबायला हवा आणि लेकराचा खर्च मिळायला हवा, एवढंच म्हणते ती.

मेधाताई वकील (डी-१०१): मग तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला, आणि नव्या संहितांनी तो काढलेला नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ बायकांना हा वेगळा कायदा आहे हेच माहीत नसतं. तो आधी संरक्षण देतो: मारू नको, तिच्या जवळ फिरकू नको, घराबाहेर काढू नको, खर्च दे, मूल तिच्याकडे राहू दे. हा आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद. यात टोमणे, शिव्या, पगार काढून घेणं, घरखर्च बंद करणं हेही हिंसाच धरलंय. ती आत्ता राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज होतो. ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतात, पण तातडीचा अंतरिम आदेश मागता येतो, तो आम्ही मागतोच.

शिल्पा (बी-५०४): आणि घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर?

मेधाताई वकील (डी-१०१): तरी तिथे राहायचा हक्क मागता येतो. सतीश आहुजा निकाल, २०२०. घर तिच्या नावावर होत नाही, पण कायद्याची वाट सोडून तिला बाहेर काढता येत नाही.

शिल्पा (बी-५०४): एक बोलू? आपल्याकडेही कधीकधी रात्री आवाज येतात. मी टीव्ही मोठा केलाय त्या वेळी. झोप लागली नाही नंतर.

सेक्रेटरी (ए-३०४): कृपया कुठल्याही घराचा उल्लेख इथे नको. ती माणसंही याच ग्रुपवर असतील, आणि राग निघेल तो तिच्यावरच.

मेधाताई वकील (डी-१०१): सेक्रेटरी बरोबर बोलताहेत. पण शेजाऱ्याने काय करायचं ते इथे लिहायला हरकत नाही. ८५ ची तक्रार तिने किंवा तिच्या नातेवाइकांनीच द्यायची असते. २००५ च्या कायद्यात तसं नाही. कलम ४ प्रमाणे संरक्षण अधिकाऱ्याला (अशा बायकांच्या मदतीसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) कोणीही कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. मार चालू असेल तर सरळ ११२. सल्ल्यासाठी १८१. वॉचमनच्या केबिनमध्ये हे दोन नंबर लावा.

सेक्रेटरी (ए-३०४): उद्याच लावतो. तिन्ही लिफ्टमध्येही.

सुनंदाकाकू (बी-२०३): मावशींशी आत्ताच बोलले. वकिलाच्या फीची काळजी होती.

मेधाताई वकील (डी-१०१): बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू. लग्नाचे फोटो, आधार, मुलाचा जन्मदाखला, दवाखान्याचे कागद घ्या. मोबाईलमधले मेसेज अजिबात डिलीट करू देऊ नका. मंगळवारी ११ वाजता शिवाजीनगर कोर्टाच्या गेटपाशी भेटा.

कुलकर्णीकाका (ए-१०२): मीही येतो. कुठल्या खिडकीवर उभं राहायचं ते मला माहीत आहे.

शिल्पा (बी-५०४): लेकराला माझ्याकडे सोडा काकू. दुपारचं जेवणही इथेच करेल.