मदत हवी आहे: आजीच्या मालिका आणि लेकीचे प्रश्न

लेक ६ वर्षांची. संध्याकाळी ७ ला मालिका लागली की आजीच्या मांडीवर जाऊन बसते. काल जेवताना म्हणाली, "आई, त्या काकूंनी दुधात काहीतरी टाकलं. तू पण आजीच्या दुधात टाकतेस?" सासूबाई हसल्या, मला घास गिळवेना.

वेळेचा प्रश्न नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ५ ते १० वर्षांच्या मुलांना दिवसाला २ तासांहून कमी स्क्रीन सांगते, तेवढं पाळतो. पण जे दिसतं त्यावर बोलायचं कसं? "ते खोटं असतं" म्हटलं तर विचारते, "मग आजी का रडते?" सासूबाईंचा विरंगुळा तोडायचा नाही (मीही स्वयंपाकघरातून डोकावतेच). मालिका चालू असतानाच बोलावं की नंतर? तुम्ही नेमकं काय सांगता?