ए६४०० वर रोजच्या भटकंतीसाठी एकच झूम लेन्स : सिग्मा १८-५० की टॅमरॉन १७-७०?

गल्लीबोळ (धागाकर्ता)

नमस्कार. गेली चार वर्षे मी सोनी ए६४०० हा कॅमेरा त्याच्यासोबत मिळालेल्या १६-५० मि.मी.च्या किट लेन्सवर वापरत आहे (मि.मी.चा आकडा जितका मोठा, तितके दूरचे जवळ दिसते). माझे छायाचित्रण म्हणजे बहुतांशी रविवारची पायपीट असते. पहाटे गोदाघाट आणि रामकुंड, तिथून भांडी बाजार व जुन्या नाशकातले उरलेसुरले वाडे, कधी पांडवलेणी आणि वर्षातून एकदा रंगपंचमीची रहाड, म्हणजे रंगीत पाण्याने भरलेला जमिनीतला हौद. दिवसाउजेडी किट लेन्सबद्दल माझी फारशी तक्रार नाही. परंतु ५० मि.मी.वर ती एफ/५.६ च्या पलीकडे उघडत नसल्यामुळे (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश आत येतो) पहाटेच्या घाटावर आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ६४०० पर्यंत चढवावा लागतो आणि चेहऱ्यांवरचा सगळा तपशील खरवडल्यासारखा दिसतो.

सोनीची स्वतःची १६-५५ एफ/२.८ माझ्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून इतर कंपन्यांच्या दोन लेन्स मनात आहेत : सिग्मा १८-५० एफ/२.८ आणि टॅमरॉन १७-७० एफ/२.८. शिवाय एका मित्राने सुचवले आहे की पुढेमागे फुल फ्रेम (म्हणजे ए६४०० पेक्षा मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा घेणार असशील, तर आताच टॅमरॉनची २८-७५ घेऊन ठेव. ज्यांनी यांपैकी एखादी लेन्स किमान एक पावसाळा वापरली आहे, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील. दुकानातल्या पाच मिनिटांच्या हाताळणीवरून मला काहीच ठरवता आलेले नाही.

तिवंध्याचा फोटोवाला

माझ्याकडे सिग्मा १८-५० तीन वर्षांपासून आहे आणि कॅमेरा तुमचाच, ए६४००. या लेन्सचे वजन २९० ग्रॅम आहे, तर टॅमरॉनचे ५२५. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला कॅमेरा गळ्यात अडकवून निघालात, की प्रदक्षिणा अर्ध्यावर येईपर्यंत मान तो फरक नेमका सांगते. त्याहून मोठा फायदा असा की, लेन्स जेमतेम साडेसात सेंटिमीटर लांब असल्यामुळे समोरचा माणूस बुजत नाही. भांडी बाजारात ठोके घालणारा कारागीर मोठी लेन्स पाहिली की हात थांबवून ताठ बसतो आणि आपल्याला हवा असलेला फोटो तिथेच संपतो.

आता उणिवा. या लेन्समध्ये स्थिरीकरण (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) नाही आणि ए६४०० च्या बॉडीतही ते नाही, त्यामुळे हात स्थिर ठेवण्याची सगळी जबाबदारी तुमच्यावर येते. १८ मि.मी.वर सरळ रेषा फुगतात. कॅमेऱ्यातल्या जेपीईजीत व सॉफ्टवेअरच्या प्रोफाइलमध्ये त्या सरळ होतात, पण वाड्याच्या दर्शनी भागाची मूळ रॉ (प्रक्रिया न झालेली) फाइल उघडून पाहिलीत तर पहिल्यांदा दचकायला होते. धूळ व शिंतोडे अडवणारे रबर फक्त माउंटजवळ, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडते तिथे आहे. त्यामुळे रहाडीच्या काठावर मी ती पावसाळी आवरणाशिवाय नेत नाही.

दुसरीकडे, रुंद टोकाला ती अवघ्या १२.१ सें.मी. अंतरावर फोकस करते. समईची ज्योत किंवा दारावरची पितळी कडी टिपताना हे इतके उपयोगी पडते की मी वेगळी मॅक्रो लेन्स घेण्याचा विचारच सोडून दिला.

लेणीवेडा

वरील प्रतिसादातील बहुतेक गोष्टी मला मान्य आहेत, तरीही मी टॅमरॉन १७-७० घेतली आणि अडीच वर्षांनंतरही तो निर्णय मला योग्य वाटतो. त्याचे कारण पांडवलेणी. अठरा क्रमांकाच्या चैत्यगृहात आत शिरलात की प्रकाश झपाट्याने कमी होतो, आणि पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय तिथे तिपाई वापरता येत नाही. तेथील स्तूप किंवा स्तंभ काही हलत नाहीत. हलतो तो आपला हात. टॅमरॉनमध्ये स्थिरीकरण असल्यामुळे मी १/१५ सेकंदावर आयएसओ ८०० ठेवून बहुतेक वेळा धारदार छायाचित्र घेऊ शकतो. स्थिरीकरण नसलेल्या लेन्सवर त्याच जागी मला १/८० च्या आसपास राहावे लागले असते, म्हणजे आयएसओ चार हजारांच्या वर गेला असता.

परंतु, गल्लीबोळ, तुमच्या यादीत लेणी एकदाच आली आहेत. बाकी सगळीकडे माणसे आहेत. रामकुंडावर ओंजळीतले पाणी सोडणाऱ्या बाईंचा हात किंवा रहाडीत धप्पा मारणारा (उडी घेणारा) मुलगा तुमच्या लेन्समधल्या स्थिरीकरणाने थांबत नाही. त्याला १/२५० किंवा १/१००० असा शटरच हवा, आणि तो एफ/२.८ मुळे मिळतो. एफ/५.६ च्या तुलनेत एफ/२.८ वर चौपट प्रकाश आत येतो, म्हणजे तुमचा आयएसओ ६४०० थेट १६०० वर उतरतो. हा लाभ दोन्ही लेन्समध्ये सारखाच आहे.

तेव्हा खरा प्रश्न ५० आणि ७० यांच्यातला उरतो. तुमच्या कॅमेऱ्यातल्या लहान, एपीएस-सी सेन्सरवर सिग्माची लांब बाजू फुल फ्रेमवरच्या ७५ मि.मी.सारखी दिसते, टॅमरॉनची १०५ सारखी. घाटाच्या पायऱ्यांवर बसून पलीकडचा चेहरा भरून घ्यायचा असेल तर हा फरक चांगलाच जाणवतो. (नांदूर मध्यमेश्वरला पक्ष्यांसाठी मात्र दोन्ही सारख्याच निरुपयोगी आहेत, त्या आशेने ७० निवडू नका.) टॅमरॉनला ओलाव्यापासून संरक्षण अधिक चांगले आहे, मात्र ते संरक्षण हलक्या सरीपुरते समजावे, रहाडीच्या रंगीत पाण्यापुरते नव्हे. स्थिरीकरण बंद करण्याचे बटण लेन्सवर नाही, त्यासाठी कॅमेऱ्याच्या मेनूत जावे लागते. फिल्टर ६७ मि.मी.चा लागतो, सिग्माला ५५ चा पुरतो.

दगडी वाडा

फक्त २८-७५ विषयी लिहितो, कारण ती चूक मी केली आहे. लेन्स म्हणून ती उत्तम आहे, पण तुमच्या कॅमेऱ्यावर तिचे २८ मि.मी. ४२ सारखे होतात. सरकारवाड्यासमोर किंवा जुन्या गावठाणातल्या बोळात मागे सरकायला जागाच नसते. पाठ समोरच्या भिंतीला टेकते आणि तरीही वरचे कोरीव तुळईचे टोक चौकटीत मावत नाही. फुल फ्रेम कॅमेरा मी 'पुढच्या दिवाळीत' घेणार होतो. त्याला आता तीन दिवाळ्या झाल्या.

गल्लीबोळ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. लेणीवेडा यांनी स्थिरीकरण आणि शटर यांच्यातला भेद ज्या पद्धतीने मांडला, त्यानंतर मी माझी मागील वर्षभराची छायाचित्रे पुन्हा चाळली. हात हलल्यामुळे बिघडलेली फार थोडी निघाली. समोरचा माणूस हलल्यामुळे बिघडलेली मात्र ढिगाने. त्यामुळे माझा कल सिग्माकडे झुकला आहे. एक शंका उरते : वापरलेली लेन्स स्वस्तात मिळत आहे. घेताना काय तपासावे?

लेणीवेडा

मूळ बिल आणि भारतातील अधिकृत हमीचे कार्ड आधी मागा. बिलाशिवाय आलेला माल स्वस्त असतो, पण दुरुस्तीची वेळ आली की सेवाकेंद्र हमी नाकारू शकते. मग लेन्सच्या मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका धरून समोरून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, आणि तशी लेन्स फुकट मिळाली तरी घरी आणू नये. नाशिकचा पावसाळा इगतपुरीइतका कडक नसला तरी बंद कपाटात ओलसर कॅमेरा-पिशवी दोन महिने ठेवणे बुरशीला पुरेसे होते. एका जुन्या झूमच्या बाबतीत हा धडा मी पैसे मोजून शिकलो आहे. आता हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवतो, आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहतो.

तिवंध्याचा फोटोवाला

त्यात एक भर. एखाद्या सपाट दगडी भिंतीसमोर कॅमेरा तिला अगदी समांतर धरून १८, ३५ आणि ५० मि.मी.वर, प्रत्येक वेळी एफ/२.८ ठेवून फोटो घ्या आणि संगणकावर चारही कोपरे मोठे करून पाहा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर चिंता नाही, तो झूमचा स्वभाव आहे. एकच कोपरा किंवा एकच बाजू धूसर असेल आणि कॅमेरा उलटा धरून पुन्हा फोटो घेतल्यावर तो दोष चौकटीच्या त्याच कोपऱ्यात राहिला, तर आतले काचभिंग कलले आहे असे समजावे. दोष जागा बदलून भिंतीबरोबर फिरला, तर चूक आपल्या हाताची आहे.

हवे असल्यास येत्या रविवारी सकाळी साडेसहाला माझी लेन्स घेऊन नारोशंकराच्या देवळापाशी येतो. तासभर तुमच्याच कॅमेऱ्यावर वापरून पाहा, मग पैसे मोजा.

गल्लीबोळ (धागाकर्ता)

नक्की येतो. मोकळे मेमरी कार्ड आणि चार्ज केलेली बॅटरी घेऊन येईन, चहा माझ्याकडून. लेणीवेडा, जमल्यास आपणही टॅमरॉन घेऊन यावे. ५० आणि ७० मधला फरक त्याच पायरीवर बसून पाहिला तर माझे मत बदलणारच नाही, अशी खात्री मला अजून देता येत नाही.