शब्दचर्चा : झुकतं माप, शीग आणि 'संस्मरणीय अनुभव'

नाशिकची अनुवादक : बचत गटाच्या बायकांसाठी विक्रीची एक पुस्तिका मराठीत करतेय. त्यात वाक्य आहे, 'ग्राहकाला संस्मरणीय अनुभव दिल्यास आपला व्यवसाय इतरांहून वेगळा ठरतो.' व्याकरण बिनचूक, पण पापड-कुरडया विकणाऱ्या बाईने यातून घ्यायचं काय? बाजारात रुळलेला शब्द हवाय. 'झुकतं माप' सुचतंय, पण हल्ली त्याचा अर्थ पक्षपात असाच घेतात ना?

पेठकर : घेतात, आणि त्याला वर्तमानपत्रं कारणीभूत. 'निधीवाटपात अमक्या जिल्ह्याला झुकतं माप' हे वाचून वाचून आपण भाजीबाजार विसरलो. दोन्ही पारडी समेवर आली की व्यवहार खरं तर पुरा होतो. भाजीवाली तिथे थांबत नाही. ती आणखी एक टोमॅटो टाकते, मालाचं पारडं खाली बसतं, तराजू तसाच उचलून धरते आणि मग पिशवी पुढे करायला सांगते. जास्तीचा माल जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम. पण तो डोळ्यांदेखत पडलेला असतो. तोच टोमॅटो आधी गुपचूप पिशवीत टाकला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. मला तरी तुमच्या त्या लांबलचक वाक्याचा अर्थ एवढाच वाटतो.

कोल्हापूरकर : शंका. झुकतं ते पारडं. माप म्हणजे पायली, अधोली, शेर, चिपटं. भांडं झुकलं तर धान्य सांडेल की!

जुनी बाजारपेठ : रास्त शंका. मापाचा सढळपणा झुकण्यात नसून शिगेत असतो. शीग म्हणजे माप काठोकाठ भरल्यावर वर उभा राहणारा धान्याचा शंकू. काठावर हात फिरवून सपाट केलेली पायली आणि शीग लावलेली पायली, एकाच भांड्यात दोन भाव! आज 'उत्कंठा शिगेला पोहोचली' असं क्रिकेटच्या बातमीत लिहिणाऱ्याला आपण दाणेबाजारात उभे आहोत हे ठाऊकही नसतं. 1958पासून दशमान वजनमापं टप्प्याटप्प्याने आली, धान्य किलोवर गेलं आणि शीग फक्त वाक्प्रचारात उरली. बाकी 'माप' हा शब्द वजनालाही चालतो. 'मापात पाप' म्हणताना आपण पायली की तराजू हे विचारत बसत नाही, तेव्हा 'झुकतं माप' चूक नाही.

कोल्हापूरकर : मान्य. पण आता इलेक्ट्रॉनिक काटा आलाय. तिथे काहीच झुकत नाही, नुसते आकडे पळतात.

पेठकर : तरी रीत टिकून आहे, फक्त जागा बदलली. वजन झाल्यावर चार मिरच्या आणि कोथिंबिरीच्या काड्या 'वर' येतात. पाणीपुरी संपल्यावरची सुकी पुरी तीच. पुण्यात मिसळीबरोबर पुन्हा मागितलेलं सॅम्पल तेच, तुमच्याकडे त्याला कट म्हणतात. सॅम्पलचे वेगळे पैसे लावणाऱ्याकडे मी दुसऱ्यांदा जात नाही. (कंजूष म्हणा हवं तर.)

नाशिकची अनुवादक : आणि ग्राहक की गिऱ्हाईक? संपादक म्हणतात 'गिऱ्हाईक' हलकं वाटतं.

जुनी बाजारपेठ : दोन्ही एकाच मुळाचे. 'ग्राहक' संस्कृतातून जसाच्या तसा आला, 'गिऱ्हाईक' बोलण्यात घासून तयार झालं. पण वाटणी नीट झालीय. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात उभी केली ती ग्राहक पंचायत, 1986चा कायदा ग्राहक संरक्षणाचा. हक्क, तक्रार, भरपाई हे सगळं ग्राहकाच्या वाट्याला. दुकानदाराच्या तोंडी मात्र गिऱ्हाईकच : ते राखायचं असतं, तोडायचं नसतं, आणि भवानीच्या वेळी तर परत फिरवायचं नसतंच. 'ग्राहक तुटला' असं कुणी म्हणतं का? हलकेपणा आला तो 'एखाद्याचं गिऱ्हाईक करणे' यातून, म्हणजे टर उडवण्यातून. पुस्तिकेत गिऱ्हाईकच ठेवा.

मुंबईकर : सगळी चर्चा मालावर चाललीय. बॅलार्ड इस्टेटमधलं 1923 सालचं ब्रिटानिया हॉटेल घ्या. बेरी पुलाव चांगला होताच, पण माणसं सांगत ते मालक बोमन कोहिनूर यांच्याबद्दल. नव्वदी उलटल्यावरही ते टेबलाटेबलाशी जाऊन विचारपूस करायचे, ब्रिटनच्या राणीचं पत्र कौतुकाने दाखवायचे. 2019 साली ते गेले. त्याला झुकतं माप कसं म्हणणार? 'बडदास्त' चालेल?

जुनी बाजारपेठ : नको. बडदास्त जावयाची, व्याह्यांची, साहेबांची. शब्द फारसी, आणि हिंदीतला सोसण्याचा 'बर्दाश्त' त्याचाच सख्खा भाऊ. आपल्याकडे मात्र त्याचा अर्थ सेवा-सरबराई झाला. त्यात ठेवणारा खालचा आणि घेणारा वरचा. कोहिनूर कुणाच्या खालचे नव्हते. त्यांचं होतं ते अगत्य.

मुंबईकर : अगत्य. पटलं.

कोल्हापूरकर : आणि पुण्यातलं? 'आमची कोठेही शाखा नाही' हाही संस्मरणीय अनुभवच. चितळ्यांचं दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं, त्यावर विनोद करून लोकांनी किती वर्षं काढली! 2017मध्ये दुपारीही उघडं ठेवायचं ठरवलं तर त्याची बातमी झाली.

पेठकर : पाटीला हसतात आणि बाकरवडीच्या रांगेतही तेच उभे राहतात. माल चोख असला की तुसडेपणाही खपतो. पण हे पुस्तिकेत घालू नका, नवख्या बायकांना परवडणार नाही.

नाशिकची अनुवादक : असं केलं : 'गिऱ्हाइकाशी अगत्याने बोला. माप झुकतं द्या, आणि ते त्याच्या डोळ्यांसमोर द्या.' चालेल?

जुनी बाजारपेठ : कुरडया किलोवर जातात, तिथे ठीक. पापड नगावर असतील तर माप कुठलं? तिथे 'शेकड्याला दोन वर' लिहा.