‘ऑकल्ट’ला मराठीत काय म्हणायचं? गूढविद्या, जादूटोणा की करणी?

साहित्यातल्या ऑकल्टवरचा एक लेख मराठीत आणतोय आणि पहिल्याच पानावर अडलोय. आयरिश कवी येट्स 1890मध्ये लंडनच्या ‘गोल्डन डॉन’ या गुप्त मंडळात दाखल झाला. का, तर ‘जादूटोणा शिकायला’ असं लिहून बसलो आणि माझं मलाच हसू आलं. येट्स अमावस्येला पंचगंगेच्या घाटावर लिंबू कापतोय असंच दिसायला लागलं. काय लिहू?

∗

तिथं डोळे झाकून ‘गूढविद्या’ लिहा. लॅटिन ‘ऑकल्टस’ म्हणजे लपवलेलं, आणि आपलं ‘गूढ’ही ‘गुह्’ म्हणजे लपवणे या धातूवरून आलेलं. गुहा, गुह्य त्याच घरातले. इतकी नेमकी जोडी क्वचित जमते. फक्त अशा कथांना ‘रहस्यकथा’ म्हणू नका. मराठी वाचक त्यात खून आणि शेवटी उलगडा शोधत बसेल. नारायण धारपांसारख्यांच्या लेखनाला ‘भयकथा’ हा शब्द रुळलाय, पण तो वाचकाला काय वाटतं ते सांगतो, कथेत काय आहे ते नाही.

‘जादूटोणा’ वर्तमानपत्राचा आणि कायद्याचा शब्द. महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाच्या लांबलचक नावात तो आहेच. आमच्या कोल्हापुरात, गंगावेशीत मात्र घरात कुणी तो उच्चारत नाही. परवा सकाळी गल्लीच्या तोंडाला अर्धं चिरलेलं लिंबू पडलेलं, कुंकू भरलेलं, वर तीन टाचण्या. एक रिक्षा त्यावरनं गेलीसुद्धा. आजी दारातनं ओरडली, “ओलांडू नगंस रं, कुणीतरी करणी केल्या!”

या ‘कुणीतरी’तच सगळी गोम आहे. करणी कुणीतरी *करतं*, मूठ कुणीतरी *मारतं*, पण भानामती बहुतेक वेळा नुसती *होते*. म्हणून कथेत करणी आली की संशय आला, भावकी आली, बांधाचं भांडण आलं. गूढविद्येला शिकणारा लागतो, करणीला वैरी. अथर्ववेदातली ‘कृत्या’ ही घातक मंत्रशक्ती अशीच कुणावर तरी सोडलेली, आणि तीही ‘कृ’ धातूचीच. म्हणजे शब्द बराच जुना झाला.

∗

पटलं. पण मग ‘देवाची करणी आणि नारळात पाणी’चं काय? तिथं कुठला वैरी?

∗

तिथं करणी म्हणजे नुसती कृती, करामत. करणारा कोण ते सांगितलंय ना! नाव घेतलं की भीती जाते. ‘कुणाची’ ते कळत नाही तेव्हाच शब्द काळा पडतो. तुमच्या लेखात खेड्यातली गोष्ट आली तर बिनधास्त ‘करणी’ ठेवा, तळटीप नको. येट्सला मात्र लिंबापासून लांब ठेवा.