ऑप्शन फॉर्ममध्ये हातचं कॉलेज भरायची लाज कसली?

ऐरोलीकर
काल एका काकांनी लिहिलं, "इंजिनिअरिंगच्या सीईटीला ९९ च्या वर पर्सेंटाइल असेल तर फॉर्ममध्ये व्हीजेटीआय, सीओईपी, एसपीआयटी एवढीच नावं हवीत. खाली नवी मुंबईतली कॉलेजं भरणाऱ्या आईबापांचा पोरावर विश्वास नाही." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

अहो, कॅपचा, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेचा, फॉर्म म्हणजे लग्नपत्रिका नव्हे, खाली कोणाचं नाव आलं म्हणून वरच्याचा मान जायला. सीटवाटप मेरिट नंबरने होतं. पहिला पर्याय बघतात, तिथे बसत नसाल तर दुसरा, मग तिसरा. खाली आणखी दहा भरलेत म्हणून वरचं हुकत नाही. सांभाळायचा असतो तो क्रम, कारण पहिला पर्याय लागला की सीट आपोआप फ्रीझ होते, म्हणजे तीच पक्की, पुढची फेरी विसरायची. आवडीचं वर, हमखास मिळेल असं हातचं खाली. संपलं.

आणि तीनच भरून ज्यांना काहीच लागत नाही, ते शेवटी जातात कुठे? कॅपबाहेरच्या मॅनेजमेंट कोट्यात. २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी सरकार पूर्ण भरतं, पण प्रवेश कॅपमधून झाला असेल तरच. माझ्या भाचीच्या घरी असाच "विश्वास" ठेवला होता. आता चार वर्षं फी खिशातून.

नौपाडा_काका
तो काका मीच. माझं वाक्य अर्धवट उचललंत. खाली सोय करून ठेवली की पोरं ढिली पडतात, हे मी घरात बघितलंय. धाकट्याची पहिल्यांदा आयआयटी हुकली तेव्हा अख्खं खानदान सांगत होतं, मिळतंय ते घे. नाही घेतलं. ड्रॉप घेतला, म्हणजे वर्षभर थांबून परत परीक्षा दिली, आणि दुसऱ्या वर्षी निघाला. आयआयटीच्या अॅडव्हान्स्ड परीक्षेला लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून दोनच संधी असतात, त्या पणाला लावायला जिगर लागते. खर्चाचं म्हणाल तर आयआयटीची शिक्षण फी वर्षाला २ लाख, आणि उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर दोन तृतीयांश माफ. तेवढेच पैसे गल्लीतल्या खासगी कॉलेजात ओतून काय मिळतं ते सांगा.

वाशीची_आई
काका, तुमचा निघाला म्हणून जिगर. आमच्या मजल्यावरचा नाही निघाला, त्याला काय म्हणायचं?

आणि मुळात अकरावी-बारावीला कॉलेज राहिलंय कुठे? आम्ही "इंटिग्रेटेड" घेतलं, म्हणजे नाव कॉलेजचं, मुलगा दिवसभर क्लासमध्ये. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलची वही बारावीच्या शेवटी हातात आली ती भरलेलीच. रीडिंग्जसकट! मुलाने आयुष्यात ब्युरेट धरलेला नाही. दोन वर्षांत क्लासने जे उपटून नेलं त्यावर कोणी बोलत नाही, आणि भांडताय कॉलेजच्या फीवर.

सानपाडा_७०६
ताईंना अनुमोदन. पण ब्रँच कोणी काढतच नाहीये. व्हीजेटीआयचं टेक्स्टाइल घ्यायचं की इकडे साध्या कॉलेजात कॉम्प्युटर? नावासाठी नको ती ब्रँच घेतलेले आमच्या ऑफिसात आहेत, आज कोडिंगच करताहेत.

कळवा_स्लो
तुम्ही नावावरून भांडा. मी त्या नावापर्यंत, माटुंग्याच्या व्हीजेटीआयपर्यंत, रोज गेलोय. फास्ट माटुंग्याला थांबत नाही. म्हणजे एक तर ठाण्यात फास्टला लोंबकळा, दादरला उतरा आणि उलटे या, नाही तर स्लोमध्ये सडा. पहिल्या वर्षी एका हातात ड्रॉइंगचा ड्राफ्टर, खांद्याला ड्रॉइंग शीटची नळी. कुर्ल्याला ती नळी दारातल्या एका गृहस्थांच्या बरगडीत गेली. म्हणाले, "इंजिनिअर, आधी उतरायला शीक." शीट चुरगळली ती वेगळीच, सरांनी परत काढायला लावली. कॉलेज उत्तम, वाद नाही. पण संध्याकाळी घरी पोचल्यावर अभ्यास कोण करतो?

घणसोली_गाव
आमच्याकडून तर अजून मजा. आधी ट्रान्सहार्बरने वाशी, मग हार्बर, वडाळ्याला बदला, मग किंग्ज सर्कल. त्यापेक्षा नेरुळचं काय वाईट?

नौपाडा_काका
गर्दी आम्हीही सोसली, त्याचं भांडवल नाही केलं. आणि कळवेकर रिकाम्या गाड्या निघतात त्या कारशेडमध्येच गाडीत चढून बसतात हे अख्ख्या ठाण्याला माहीत आहे. लोंबकळायच्या गोष्टी दुसऱ्यांना सांगा.

कळवा_स्लो
कारशेडला रुळात उभं राहून गाडीत चढणं म्हणजे सोय वाटते का तुम्हाला? या एकदा पहाटे, दाखवतो. गणपतीपर्यंत अख्खा पावसाळा गाड्या बोंबलतात, तेव्हा प्रॅक्टिकल बुडालं की टर्मवर्कचे मार्क तुम्ही देणार?

घणसोली_गाव
ट्रान्सहार्बरला सकाळी ठाण्याहून पाय ठेवायला जागा नसते. रबाळे-घणसोलीला आयटीवाले उतरले की मग श्वास. म्हणजे ठाणेकरांनी नवी मुंबईचं कॉलेज घेतलं तरी सुटका नाहीच, हेही लिहून ठेवा.

ऐरोलीकर
लोकलचं गाऱ्हाणं रेल्वेमंत्र्यांकडे न्या. फॉर्मवर बोलू या का? काकांचा एक मुद्दा मान्य, आयआयटी मिळत असेल तर खर्चाचं कारण सांगून सोडू नये. पण ही चर्चा आयआयटीची नाहीच. ती सीट जोसा या वेगळ्या प्रवेशप्रक्रियेतून लागते, कॅपशी तिचा संबंध नाही. सीईटीला एखादा पेपर डोक्यावरून गेला, मेरिट नंबर घसरला, तर त्या पोराला ऑगस्टमध्ये कुठे बसवायचं, एवढाच प्रश्न आहे. ड्रॉप घ्यायचा तर तो घरात बोलून घ्यावा. फॉर्म कोरा राहिला म्हणून नव्हे.

वाशीची_आई
आणि ड्रॉपच्या वर्षाला परत क्लास. परत लाखात फी. हे काका विसरले.

नौपाडा_काका
विसरलो नाही ताई, भरलीय. बरं, तुमचंच खरं धरू. भरा खाली तीन-चार. फक्त मुलाला कळू न देता भरा, म्हणजे तो ढिला पडणार नाही.

ऐरोलीकर
परीक्षा कधीच झाली काका, आता ढिला पडून त्याचे काय मार्क जाणार आहेत? आणि लॉगिनचा पासवर्ड त्याच्याकडेच आहे. मला तो वायफायचाही सांगत नाही.