मामांसाठी बारीक, चित्रावरनं बेतलेली भारी सिगार – कुठली घेऊ? (सांगली)

कृष्णाकाठचा_बाळ्या
मंडळी जरा मदत करा. मामा रिटायर होतायत, आयुष्यभर सांगलीत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलेली पोरं आता कुठं कुठं पोचलीत. व्यसन असं काही नाही, पण वर्षातनं एक-दोनदा, गणपती उठले की आणि दिवाळीत, जेवणानंतर गच्चीवर एक सिगार असते, ती पण मिळेल ती. आता मावसभाऊ दुबईवरनं यायचाय म्हणून म्हटलं यावेळी भारीतली मागवू. नेटवर एक बघितली, बोटापेक्षा बारीक, जवळजवळ वीतभर लांब, कुठल्याशा चित्रावरनं प्रेरणा घेतलीय म्हणे आणि डबा तर असला देखणा की मामा सिगार ठेवून डबाच बघत बसतील. पण आतला माल कसा असतो ओ? बारीक घ्यावी का जाडच बरी? आणि आपल्या उन्हाळ्यात ती टिकते का?

धूर_आणि_चहा
बाळ्या, तू बघितलीस त्या मापाला लान्सेरो म्हणतात. ह्यातली सगळ्यात नावाजलेली म्हणजे क्युबाची कोहिबा लान्सेरो, १९२ मिलिमीटर लांब आणि रिंग गेज ३८. रिंग गेज म्हणजे इंचाचे ६४ भाग केले तर त्यातले किती, म्हणजे ३८ ला जाडी साधारण १५ मिमी पडते, आणि हल्ली सर्रास मिळणारी ५० ची घेतलीस तर २० मिमी.

आता बारीक का घ्यावी, तर सिगारीत वरचं जे एक पान गुंडाळलेलं असतं, रॅपर, तेच सगळ्यात महागडं आणि चवीचं. जाड सिगारीत आतला भरणा एवढा असतो की वरच्या पानाची चव दबते, बारकीत भरणा कमी म्हणून ते पान तोंडात बोलतं. पण वळणाऱ्या कारागिराची परीक्षा पण इथंच आहे, एवढ्याशा जागेत एखादं पान जरा दाबून बसलं की ओढच बसत नाही, गालफडं दुखतात नुसती. आणि ओढणाऱ्याला पण घाई चालत नाही बरं का. मिनिटाला एक झुरका, बास. भराभर ओढली तर बारकी सिगार लगेच तापते आणि कडू होते, मग पैसे पाण्यात.

कोहिबा मात्र तू नको घेऊ. २०२२ पासून भाव अंगावर येण्यासारखे झालेत आणि नकली माल बक्कळ. त्याच क्युबातली माँटेक्रिस्टो एस्पेशल नंबर २ बघ, गेज तेच ३८, लांबी १५२ मिमी, खिशाला पण त्या मानानं बरी. नाहीतर डोमिनिकन रिपब्लिकची एखादी लान्सेरो, वरचं पान फिकट रंगाचं, कनेटिकट शेड म्हणून सांग. वर्षातनं दोनदा ओढणाऱ्या माणसाला काळ्या पानाची कडक निकाराग्वन दिलीस तर मामा गरगरून गच्चीवरच आडवे होतील. जेवल्यावरच ओढायची, आणि गुळाचा खडा जवळ असू दे.

यमाईच्या_पायथ्याशी
डब्यावर भाळू नका एवढंच सांगतो. अमेरिकेत डच मास्टर्स नावाची सिगार आहे, तिच्या डब्यावर रेम्ब्रांटचं १६६२ चं चित्र, तेच ते कापडवाल्यांच्या गिल्डचे, म्हणजे व्यापारी संघाचे, तपासनीस टेबलाभोवती बसलेत ते, मूळ चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. आत काय, तर मशीनवर बनवलेली स्वस्तातली सिगार! म्हणजे चित्र जगातलं भारी आणि माल टपरीवरचा.

उलट काही ठिकाणी चित्राचं काम खरंच मनापासून केलेलं असतं. दाविदॉफ ह्या सिगार कंपनीनं कॅरिबियन चित्रकारांना मदत केली आणि त्यांची चित्रं घेऊन मोजके डबे काढले. लास कालाव्हेरास म्हणून दुसऱ्या कंपनीची एक सिगार आहे, ती मेक्सिकोच्या पोसादाच्या कवट्यांवरनं बेतलेली, तो पोसादा पेपरात छापायची चित्रं करायचा, मामांना नाव माहीत असणार.

आणि मामा चित्रकलेचे आहेत म्हणून जरा विषय सोडून, पण ह्या सिगारच्या डब्यांवरची जुनी लेबलं म्हणजे दगडावरची छपाई, क्रोमोलिथो. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, वरनं सोनेरी उठाव. आपल्याकडं रवि वर्म्यांनी १८९४ ला मुंबईत प्रेस काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथं देवादिकांची चित्रं निघायची ती ह्याच तंत्रानं. म्हणजे ज्या काळात हवानात सिगारच्या डब्यांवर बायका-सिंह-मुकुट छापत होते त्याच काळात इकडं घराघरात लक्ष्मी-सरस्वती पोचत होत्या, दगड तोच. मूळ रवि वर्मा बघायचा तर आमच्या सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या भवानी म्युझियममध्ये या, तिथल्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी १९३८ ला उभं केलंय, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प पण आहे. मामांना एक दिवस तिकडं घेऊन जा, मी तर म्हणतो सिगारपेक्षा ते जास्त आवडेल.

निपाणीचा_पाव्हणा
एवढं लांब कशाला जाताय, आमच्याकडं तंबाखूचा डोंगर हाय की 😄

धूर_आणि_चहा
पाव्हणं, तुमचा तंबाखू विडीचा, उन्हात वाळवलेला. सिगारचं पान सावलीत, हवेवर सुकवतात आणि मग ढीग लावून आंबवतात. भारतात सिगारच्या पानाचा मुलूख वेगळा, तमिळनाडूत दिंडीगलकडं आणि वरनं गुंडाळायचं पान उत्तर बंगालात. तिरुचिरापल्लीचे चिरूट तर इंग्रजांच्या काळात पार विलायतेला जायचे.

पेवातली_हळद
साठवणीचं मी सांगते, आमच्या घरी हळदीचा धंदा आहे म्हणून हा शत्रू ओळखीचा आहे. सिगारला जो बारका तपकिरी किडा लागतो ना, सिगरेट बीटल, तोच साठवलेल्या हळकुंडाला पण पोखरतो, अगदी तोच. २४-२५ डिग्रीच्या वर गेलं की अंडी भराभर फुटतात आणि आपल्याकडं एप्रिलमध्ये काय असतं ते सांगायला नको. म्हणून उन्हाळाभर ठेवायचीच नाही. थोडे दिवस ठेवायची तर हवाबंद प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात ६५ टक्केवाली ओलावा धरणारी पुडी टाका, ऑनलाइन मिळते, आणि घरातल्या सगळ्यात गार खोलीत जमिनीलगत ठेवा. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवात हळद टिकायची ती पण हवा बंद आणि गारवा म्हणूनच, हे पेवच समजा. फ्रिजमध्ये उघडी ठेवू नका, वाळते, वर कालच्या भाजीचा वास. पावसाळ्यात डबा सारखा उघडला की बुरशी धरते हे पण लक्षात ठेवा.

दातांची_डॉक्टर_मिरज
मजा घालवत नाही पण बोलल्याशिवाय राहवत पण नाही. धूर आत घेत नाही म्हणून सिगार निर्धोक असं पेशंट सांगतात, तसं नाहीये. तोंड, घसा, अन्ननलिका ह्यांचा कॅन्सर सिगारनं पण होतो, आणि एका मोठ्या सिगारीत कधीकधी सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असतो. अख्खा डबा दिला की वर्षातल्या दोनच्या दहा व्हायला वेळ लागत नाही. दोन द्या. आणि शाळेतल्या निरोप समारंभात तर अजिबात देऊ नका बाबांनो, पोरं बघतात. शाळेपासून १०० यार्डात विकायलाही बंदी आहे, सार्वजनिक ठिकाणी ओढायला तर २००८ पासून बंदीच.

कृष्णाकाठचा_बाळ्या
ताई पटलं, दोनच सांगतो, घरीच देऊ. कस्टमचं काय पण?

धूर_आणि_चहा
२५ पर्यंत ड्युटी नाही, दोनचं काय घेऊन बसलास. भावाला एवढंच सांग की सुट्ट्या घेताना टोकापास्नं टोकापर्यंत दोन बोटांनी हलकं चेपून बघ, मध्ये कुठं खड्यासारखं कडक लागलं तर दुसरी माग, आणि वरच्या पानावर टाचणीएवढं भोक दिसलं, म्हणजे किडा लागलाय, तर त्या डब्यातली कुठलीच घेऊ नको.

यमाईच्या_पायथ्याशी
आणि त्याच दुकानात रिकामे लाकडी डबे विचार म्हणावं, बरेच जण स्वस्तात देतात. मामांचे ब्रश त्यात बसतील, लांबी बघून घे फक्त.