प्रतिसाद: कोविडमध्ये जीबीएस खरंच वाढला होता का?

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की कोविडच्या लाटेत गियां-बारे सिंड्रोमच्या (म्हणजेच जीबीएस, नसांवर परिणाम होऊन हातपाय कमजोर पडतात तो आजार) केसेस वाढल्या, पण ब्रिटनचा डेटा उलटंच सांगतो. तिथे या पेशंट्सना देतात त्या आयव्हीआयजीची (शिरेतून दिल्या जाणाऱ्या अँटिबॉडीजच्या औषधाची) राष्ट्रीय नोंद असते, त्यावरून मोजलं तर मार्च ते मे 2020 मध्ये केसेस आधीच्या चार वर्षांतल्या त्याच महिन्यांपेक्षा जवळपास निम्म्यावर आल्या होत्या!! कारण बहुधा असं की हा आजार बऱ्याचदा जुलाब नाहीतर सर्दी-खोकल्यानंतर दोनेक आठवड्यांनी येतो, जंतूंशी लढायला तयार झालेल्या अँटिबॉडीज स्वतःच्याच नसांवर उलटतात, आणि लॉकडाऊनमध्ये बाहेरचं खाणं बंद, हात धुणं वाढलेलं, म्हणजे कॅम्पिलोबॅक्टरसारख्या (दूषित अन्न-पाण्यातून जुलाब करणाऱ्या) जंतूंना वावच राहिला नाही.

झिकाचं (डासांमुळे पसरणाऱ्या व्हायरसचं) मात्र वेगळं, 2013-14 ला फ्रेंच पॉलिनेशियात (पॅसिफिकमधली बेटं) त्याच्या साथीत जीबीएसच्या केसेस खरोखर वाढल्या होत्या, त्यामुळे सगळ्या साथींना एकच नियम लावू नका प्लीज.

आणि जानेवारी 2025 ला पुण्यात सिंहगड रोडला जीबीएसची साथ आली होती ती आठवा, तिथेही कॅम्पिलोबॅक्टर आणि दूषित पाणीच. माझ्या मावसभावाला आधी जुलाब झाले, मग आठवड्याभराने पायातली चप्पल आपोआप निसटायला लागली, आम्हाला वाटलं अशक्तपणा असेल, तिसऱ्या दिवशी त्याला जिना चढता येईना.